तबकडीची तीन मिनिटे : जी. एन. जोशी आणि आपले गाणे

कोणाचे गाणे टिकते, हा प्रश्न नुसत्या गळ्याचा नाही. ते तबकडीवर कोण घेतो, यावरही ते अवलंबून असते. मराठी मुलखात हे काम दीर्घकाळ केले ते जी. एन. जोशी यांनी. १९०९ साली खामगावला जन्म, शिक्षण वकिलीचे. पण नाव झाले ते ना. घ. देशपांडे यांची 'रानारानांत गेली बाई शीळ' ही कविता गाऊन. १९३८ साली ते एच.एम.व्ही. कंपनीत गेले. गाणारा माणूस गाणे निवडणारा झाला.

निर्माता म्हणजे पैसा घालणारा, हा समज सिनेमाने करून दिला. इथला निर्माता गायक हेरतो, त्याला राजी करतो, काय गायचे नि साथ कोणाची हे ठरवितो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. तासभर ख्याल मांडणाऱ्या बुजुर्गांना तेवढ्यात बसविणे हे खरे कसब होते. पुढे लाँगप्ले आली, वीसेक मिनिटे मिळाली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' जोशींच्याच निर्मितीतली. संतूर त्यामुळे घरोघर पोचले.

आता आपल्याकडे पाहू. तुळजापूरच्या अंबाबाईचा गोंधळ रात्रभर चालतो. संबळ तापायलाच तीन मिनिटे पुरत नाहीत! आंबेडकरी जलशात गाणे, सवालजवाब, हशा आणि भाषण एकमेकांत गुंतलेले; त्यातले कडवे तोडून काढले तर चळवळच गळून पडते. शिवाय ग्रामोफोन कोणाच्या घरी होता? महारवाड्यात, मांगवाड्यात नव्हता. कंपनी गिऱ्हाईक पाहून माल काढी. हा दोष एकट्या जोशींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ते नोकर होते, आणि चोखंदळ नोकर होते. पण त्यांची आवड ज्या घरांत घडली, त्या घरांत हलगी नव्हती, हेही म्हटले पाहिजे.

१९८० नंतर स्वस्त कॅसेट आली आणि निवडणारे हात वाढले. मंगळवेढ्याच्या प्रल्हाद शिंदे यांचा आवाज विठ्ठलाच्या आणि भीमाच्या गाण्यांतून एस.टी. स्टँडावर, जत्रेत, जयंतीच्या मांडवात घुमू लागला. कॅसेटच्या एका बाजूला अर्धा तास मिळे, त्यामुळे आख्यानही मावू लागले.

जोशींनी आपल्या आठवणी 'स्वरगंगेच्या तीरी' या पुस्तकात लिहून ठेवल्या आहेत. धाराशिवच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी आता जुन्या गायन पार्ट्यांकडे जावे आणि विचारावे : तुमची कॅसेट कोणी काढली, बिदागी किती दिली, आणि कोणते गाणे नको म्हटले?