भिजलेल्या कागदावरील ठसा

बोटांच्या घामात सुमारे ९८ टक्के पाणीच असते, आणि उरलेल्या अल्पशा अंशातील अमिनो आम्लांवर कागदावरच्या सुप्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, ठशांचा नेहमीचा शोध अवलंबून असतो. या आम्लांशी संयोग पावून जांभळा रंग देणारे निनहायड्रिन १९५४ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी ठशांसाठी सुचवले. नदीत फेकलेल्या चिठ्ठीवर मात्र ते निरुपयोगी ठरते, कारण अमिनो आम्ले पाण्यात विरघळून जातात. ते ९८ टक्के पाणी तर कोरड्या कागदावरूनही उडून जाते. भिजलेल्या कागदावर टिकतात ते मुख्यतः स्निग्ध पदार्थ. बोटांच्या पेरांना तैलग्रंथी नसतात. कपाळाला किंवा केसांना हात लागतो तेव्हा तेथील तेल बोटांवर येते, आणि नकळत झालेला तो स्पर्शच पुढे पुरावा ठरतो.

हे अवशेष हेरणारे ‘फिजिकल डेव्हलपर’ हे द्रावण १९७० च्या दशकात ब्रिटनमधील ऑल्डरमास्टन येथील अण्वस्त्र संशोधन केंद्रात विकसित झाले. त्यातील चांदीचे सूक्ष्म कण ठशाच्या रेषांवर साचतात आणि रेषा करड्या दिसू लागतात. पण कागदात भरण म्हणून मिसळलेले कॅल्शियम कार्बोनेट तसेच राहिले, तर चांदी सर्वत्र बसून कागदच काळवंडतो. म्हणून तो आधी मॅलेइक आम्लात ठेवतात. आम्ल भरणाला भिडताच बुडबुडे उठू लागतात, आणि ते पुरते थांबेपर्यंत ट्रेवर वाकून उभा राहणारा तंत्रज्ञ या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय घेत असतो: कागद पुढच्या द्रावणात केव्हा न्यायचा. त्याच्या हातातील चिमटा प्लास्टिकचा असतो आणि भांडी अतिशय स्वच्छ असावी लागतात, कारण क्षुल्लक मळावरही चांदी साचते.

या साऱ्या दक्षतेवर पाणी पडते ते बहुधा प्रयोगशाळेबाहेर, ओला कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद केल्यामुळे. तेथे बुरशी धरते. तो सामान्य तापमानाला सावकाश वाळवणे हे साधे काम तपास अधिकाऱ्याने केलेच पाहिजे. बसलेली चांदी काढून कागद पूर्ववत करता येत नाही, त्यामुळे छायाचित्रे आणि हस्ताक्षराची तपासणी आधी उरकावी लागते, आणि चरबीला लाल रंग देणारे ‘ऑइल रेड ओ’ वापरायचे असल्यास तेही आधीच वापरावे लागते. ठसा फिका आला, तर अखेरीस हायपोक्लोराइटच्या द्रावणाने कागद उजळवून रेषा अधिक गडद करता येतात.