हेलिडेकच्या काठावर : तीन दशकांचा मागोवा

जुहूच्या ज्या विमानतळावर १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, त्याच विमानतळावरून गेली कित्येक वर्षे हेलिकॉप्टरे पश्चिमेकडे तोंड करून उडतात, चौपाटीवर फिरायला आलेल्या माणसांच्या डोक्यावरून घरघरत जातात, आणि मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर भर दर्यात वसलेल्या ‘मुंबई हाय’च्या तेलक्षेत्राकडे दिसेनाशी होतात. चौदा दिवस रिगवर आणि चौदा दिवस घरी, अशी पाळी पत्करलेली माणसे त्यांत बसलेली असतात. चौपाटीवरच्या माणसाला तो आवाज नित्याचा वाटतो. ज्यांचे माणूस आत बसलेले असते त्यांना मात्र पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत चैन पडत नाही. त्या घरांना स्मरून, पाण्यावरून उड्डाण करताना हेलिकॉप्टर का कोसळते, या प्रश्नाचा गेल्या तीन दशकांतील चौकशीच्या दप्तरांतून मागोवा घ्यावा, असे फार दिवस मनात होते.

हेलिकॉप्टर हवेत टिकते ते पंख्याने खाली लोटलेल्या हवेच्या बळावर. हेलिडेकच्या, म्हणजे प्लॅटफॉर्मवरील हेलिकॉप्टर उतरण्याच्या सपाट चौथऱ्याच्या, पृष्ठभागाजवळ ते तरंगत असते तेव्हा त्या हवेला खाली निसटण्यास अडथळा होतो, पंख्याखाली जणू हवेची गादी तयार होते आणि तेवढाच भार कमी शक्तीत पेलला जातो. डेकचा काठ ओलांडताच ती गादी एकाएकी सरते. समुद्र तर कितीतरी खाली असतो. आणि पुढचा वेग साधारणतः २० नॉटच्या आसपास पोहोचेपर्यंत पंख्याला ताज्या, अविचलित हवेचा पुरता लाभ मिळत नाही. त्यात प्लॅटफॉर्मच्या लोखंडी सांगाड्यावर आपटून भोवरे घेणारा वारा आणि तेथील टर्बाइनांतून बाहेर पडणारा, पंख्याची पकड सैल करणारा तप्त वायू यांची भर पडते. अशा क्षणी वैमानिकाच्या गाठीशी ना उंची असते, ना वेग, ना वेळ. आकाशात मार्गस्थ झाल्यावर जी चूक सहज सावरली गेली असती, तीच येथे प्राणांवर बेतते.

याचे सर्वांत विदारक उदाहरण उत्तर समुद्रातले आहे. १४ मार्च १९९२ च्या रात्री, शेटलंड बेटांच्या ईशान्येस असलेल्या कॉर्मोरंट अल्फा या प्लॅटफॉर्मवरून एक सुपर प्यूमा हेलिकॉप्टर सतरा माणसांसह निघाले. जायचे होते जेमतेम २०० मीटरवर, कामगारांच्या निवासासाठी नांगरलेल्या तरंगत्या वसतिगृहाकडे. वारा वादळी होता, हिमाचे सपकारे येत होते आणि लाटा उंच उसळत होत्या. हेलिकॉप्टर उचलले गेले, थोडे चढले आणि वारा पाठीशी घेऊन वळले. पाठीशी वारा असला म्हणजे खालचा समुद्र झपाट्याने मागे पडताना दिसतो आणि वेग पुरेसा असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात पंख्याच्या दृष्टीने मोलाचा असतो तो हवेशी सापेक्ष वेग, आणि तोच त्या रात्री नाहीसा होत गेला. यंत्र खाली येऊ लागले आणि ते उमगून शक्ती वाढवीपर्यंत समुद्राने त्याला गाठले होते. सतरांपैकी बारा जण बाहेर पडू शकले. परंतु त्या गोठवणाऱ्या पाण्यात त्यांतील सहा जणांना सुटका होईपर्यंत तग धरता आला नाही. एकूण अकरा माणसे गेली. यंत्रात बिघाड झाल्याचा पुरावा चौकशीत सापडला नाही. म्हणूनच, अशा हवेत एवढ्याशा अंतरासाठी उडावे काय, आणि कोसळलोच तर वाचवणारे वेळेत पोहोचतील काय, हे दोन प्रश्न त्या रात्रीनंतर टाळता येईनासे झाले. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने १९९५ मध्ये सागरी हेलिकॉप्टरांच्या सुरक्षिततेचा जो साकल्याने आढावा प्रसिद्ध केला, त्याच्या मुळाशी हे अकरा मृत्यू आहेत.

अंधार हे दुसरे कारण. दिव्यांनी उजळलेल्या डेकवरून निघालेला वैमानिक एका क्षणात काळोखात शिरतो. क्षितिज दिसत नाही, पाणी दिसत नाही. वेग वाढू लागला की अंतःकर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय नाक वर गेल्याची खोटी साक्ष देते, आणि त्या साक्षीवर विसंबून नाक खाली दाबणारा हात यंत्राला समुद्राकडे नेतो. शरीराची साक्ष बाजूस सारून उपकरणांवर विश्वास ठेवणे, ही विद्या केवळ सरावाने अंगी बाणते. आणि सरावही निर्धोक नसतो. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी मुंबई हायवर रात्रीचा सराव करताना आपले दोन वैमानिक समुद्रात गेले.

तिसरे कारण वजन. ४ ऑक्टोबर २०११ रोजी न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरकाठच्या हेलिपोर्टवरून चार प्रवासी घेऊन निघालेले एक छोटे हेलिकॉप्टर उचलल्याबरोबर स्वतःभोवती फिरू लागले आणि नदीत कोसळले. शेपटीच्या पंख्याचा प्रभाव गमावला गेला होता, आणि विहित मर्यादेपेक्षा जास्त भार भरलेला होता. उड्डाणापूर्वीचा हिशेब नीट झाला नव्हता, असा निर्वाळा अमेरिकी चौकशीने दिला.

यंत्र स्वतः दगा देते तेव्हाही कथेचा आरंभ बहुधा जमिनीवरच झालेला असतो. १२ मार्च २००९ रोजी कॅनडातील न्यूफाउंडलंडजवळ एक सिकोर्स्की हेलिकॉप्टर गिअरबॉक्समधील तेल गळून समुद्रात पडले. अठरांपैकी सतरा जण दगावले. तेलाच्या गाळणीचे भांडे धरून ठेवणारे टायटॅनियमचे खिळे तुटले होते. ते बदलून पोलादी बसवावेत, अशी सूचना उत्पादकाने त्याच जानेवारीत काढली होती, आणि त्यासाठी मुदत दिली होती १,२५० उड्डाणतासांची वा एका वर्षाची. मुदत संपली नव्हती, माणसे संपली.

पाण्यात पडल्यानंतरचे संकट निराळेच. इंजिने आणि पंखा माथ्यावर असल्यामुळे हेलिकॉप्टर पाण्यात पडताच बहुधा उलटते आणि आतल्या माणसाला वर-खाली कळेनासे होते. २०१३ च्या ऑगस्टात शेटलंडजवळ चार जण दगावल्यावर ब्रिटनने नियम केले : अतिखवळलेल्या समुद्रावरून उड्डाण नाही, आणि पाण्याखाली श्वास घेण्याचे साधन मिळेपर्यंत प्रत्येक प्रवाशाची जागा ढकलून उघडणाऱ्या खिडकीशेजारी.

आपल्या अरबी समुद्राचा जमाखर्चही हलका नाही. ११ ऑगस्ट २००३ रोजी, ऐन पावसाळ्यात, सत्तावीस माणसे गेली. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेले सातही जण परतले नाहीत. २८ जून २०२२ रोजी सागर किरण रिगजवळ नवांपैकी चार जण दगावले. या साऱ्या दुर्घटना उड्डाणाच्याच क्षणी घडलेल्या नाहीत, आणि त्यांची कारणेही एक नाहीत. परंतु समुद्र एकच आहे आणि ज्यांच्यासाठी ही दप्तरे वाचायची ती घरेही याच किनाऱ्यावरची आहेत.

ही सारी दप्तरे मिटताना एक गोष्ट मनात पक्की होते. वारा, अंधार, भार, धातू ही कारणांची यादी लांबलचक असली, तरी त्यांतील बहुतेक कारणे डेकचा काठ ओलांडण्याआधी कोणाच्या तरी मेजावर येऊन गेलेली असतात : हवामानाच्या अहवालात, वजनाच्या तक्त्यात, दुरुस्तीच्या सूचनेत. काठापलीकडे वैमानिकाला काही क्षण मिळतात. काठाअलीकडे आपल्या सर्वांना तास, दिवस, कधी महिने मिळालेले असतात. रिगवर निघालेल्या माणसाला हेलिकॉप्टरपर्यंत जाण्याआधी सामानासह वजनकाट्यावर उभे केले जाते. रांग खोळंबलेली असते, ढग उतरत असतात, प्लॅटफॉर्मवर पाळी बदलायची घाई असते. त्या काट्याचा आकडा मन लावून वाचणारा आणि प्रसंगी “आज उड्डाण नाही” असे ठामपणे सांगणारा माणूस हा त्या उड्डाणाचा पहिला रक्षक असतो. त्या नकाराबद्दल त्याला कधीही जाब विचारला जाणार नाही, एवढी हमी त्याला मिळाली पाहिजे.