दर्से निजामी

मदरसा म्हटले की कुराणाचे पाठांतर, अशी आपल्याकडे समजूत. उत्तर हिंदुस्थानातल्या मोठ्या मदरशांचा ‘दर्से निजामी’ पाहिला म्हणजे ती टिकत नाही. हा निजाम हैदराबादचा नव्हे बरे का! लखनौच्या फिरंगी महालातले मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांनी लावून दिलेला हा पाठक्रम. आधी अरबी व्याकरण. आपल्या पाठशाळेत ‘रामः रामौ रामाः’ घोकतात, तशी तिथे क्रियापदांची रूपे. मग तर्कशास्त्र, धर्मशास्त्र, युक्लिडची भूमितीसुद्धा! मुल्लांचा खरा भर तर्कावर. असा घासून तयार झालेला माणूस काझी म्हणून, दरबारी कामदार म्हणून उपयोगी पडे.

इंग्रजी अमलात १८३७ नंतर दफ्तरातून फारसी गेली आणि ही चाकरीही आटली. मग शिकायचे कशासाठी? १८६६ साली देवबंदला मदरसा निघाला, तो सरकारी मदतीवाचून, लोकवर्गणीवर. पाठक्रमाचा सांगाडा तोच, पण हदीसला, म्हणजे पैगंबरांच्या वचनांना व आचरणाला, वजन आले. शेवटचे वर्ष त्यालाच वाहिलेले. शिकलेला मुलगा आता दरबारात नव्हे, गावच्या मशिदीत जाऊ लागला. गणित-इंग्रजी किती घालावे, हा वाद मात्र खुद्द मौलवींमध्येच अजून चालू आहे.