‘आपला’ माणूस, परक्या देशात!

शनिवारची संध्याकाळ, फुटाळ्याचा काठ आणि गरमागरम चहा. ग्रुपमधल्या एकाला अमेरिकेतली ऑफर आलीय. आपण सगळे जाम खूश, तो मात्र गप्प. ‘आईबाबांना कसं सांगू?’ तेवढ्यात कुणीतरी हमखास म्हणतंच, ‘अबे, आपला विक्रम पंडित बघ ना!’

चला, बघूच. १९५७मध्ये नागपुरात जन्मलेले पंडित सोळाव्या वर्षी अमेरिकेत गेले. कोलंबिया विद्यापीठात आधी इंजिनीअरिंग, मग फायनान्समध्ये डॉक्टरेट आणि डिसेंबर २००७मध्ये थेट सिटीग्रुपचे सीईओ! नागपूरकरांची कॉलर टाइट. पण वर्षभरातच बँक बुडायच्या बेतात आली. ती वाचवायला अमेरिकी सरकारने ४५ अब्ज डॉलर ओतले. बँक नफ्यात येईपर्यंत वर्षाला १ डॉलर पगार घेईन, असं पंडितांनी २००९मध्ये जाहीर केलं. बँक सावरली, पण ऑक्टोबर २०१२मध्ये त्यांना अचानक खुर्ची सोडावी लागली.

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार १९७९मध्ये अमेरिकेत शिकायला गेले. केमिकल टेस्टिंगचा व्यवसाय वाढवला, ‘ही श्रीची इच्छा’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. आणि २०१०मध्ये धंदा कर्जात बुडाला! त्यांनी नवी कंपनी काढली, मग राजकारण. २०१८मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाची उमेदवारीही हुकली. अखेर २०२२मध्ये तिथूनच ते अमेरिकी संसदेवर निवडून आले.

आणि लिओ वराडकर? २०१७मध्ये, ३८व्या वर्षी आयर्लंडचे पंतप्रधान. डिसेंबर २०१९मध्ये ते मालवणजवळच्या वराड या वडिलांच्या गावी आले, तेव्हा स्वागताला गाव लोटलं. पण परक्या देशात पाय रोवले ते डॉक्टर वडिलांनी. डब्लिनमध्ये दवाखाना थाटून त्यांनी वर्षानुवर्षं पेशंट तपासले. त्याची हेडलाइन कधी झाली नाही.

आता तर पहिली पायरीच महाग झालीय. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी अर्जावर १ लाख डॉलर फी लावली.

म्हणून मित्रा, जायचं तर जरूर जा. पण आईबाबांना नुसतं पॅकेज सांगू नकोस, हेही सगळं सांग. जिंकल्यावर ‘आपला’ म्हणायला अख्खं नागपूर येईल. पण रात्री दोनला तुझा फोन उचलायला तेच दोघं असतील.