मागील पानावरून पुढे?

खतावणीचे एक पान भरले की शिल्लक पुढच्या पानावर ओढली जाते आणि माथ्यावर ‘मागील पानावरून’ असे लिहिले जाते. दुसऱ्या बाळंतपणाकडेही घरोघरी याच रीतीने पाहिले जाते. पहिल्या वेळी दिवसरात्र कळा सोसून अखेर शस्त्रक्रिया झालेली सून पुन्हा गर्भवती राहिली, की सासूबाई विचारतात, “या वेळीही सिझरच ना ग?” प्रश्नातच उत्तर आलेले असते.

या समजुतीला वैद्यकीय इतिहास आहे. एकदा सिझेरियन झाले की पुढे नेहमीच सिझेरियन, असे सूत्र एडविन क्रॅगिन या न्यूयॉर्कच्या प्रसूतितज्ज्ञांनी १९१६ मध्ये मांडले. त्या काळी गर्भाशयावर उभा छेद घेत. तो पुढच्या कळांत उसवण्याची भीती रास्त होती. आज बहुधा खालच्या भागात आडवा छेद घेतात. असा एकच छेद असलेल्या आणि प्रकृती अनुकूल असलेल्या ज्या स्त्रिया कळांची वाट पाहतात, त्यांच्यापैकी सुमारे ६० ते ८० टक्के स्त्रियांची प्रसूती नैसर्गिक मार्गाने होते. व्रण उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एक इतका असतो. तो लहान असला तरी घडल्यास गंभीर असतो. म्हणून तातडीची शस्त्रक्रिया आणि रक्ताची सोय जेथे आहे तेथेच हा प्रयत्न व्हावा.

खरा प्रश्न वेगळाच आहे: पहिल्या वेळी शस्त्रक्रिया का झाली? बाळ पायाळू होते म्हणून झाली असेल, तर ते कारण त्या गर्भारपणाबरोबर बहुधा संपले. कळा येऊनही प्रसूती पुढे सरकली नसेल, तर यशाची शक्यता काहीशी कमी होते. नाहीशी होत नाही. दुर्दैवाने घरात कारण कोणाला आठवत नाही, बिलाची रक्कम मात्र पक्की आठवते!

पहिली प्रसूती नैसर्गिक पण कष्टाची झाली असेल, तर दुसरी बहुधा लवकर आटोपते. रुग्णालय दूर असल्यास निघण्यास उशीर करू नये. सिझेरियन झालेल्या स्त्रीने मात्र ही अपेक्षा धरू नये. तिचे शरीर तो मार्ग प्रथमच चालत असते. प्रसूतीनंतर बाळाला पाजताना ओटीपोटात येणाऱ्या कळा दुसऱ्या वेळी अधिक तीव्र असतात, हेही तिला कोणी आधी सांगत नाही.

आणि भय? ते कोणत्याच कागदावर नसते. दार लोटले गेले, आई बाहेर राहिली, आत काय चालले आहे ते कोणी सांगितले नाही, हे ती वर्षानुवर्षे विसरत नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मुभा दिली. खासगी रुग्णालयात आधीच विचारून ठेवावे. विचार करूनही तिने पुन्हा शस्त्रक्रियाच निवडली, तर तोही तिचा निर्णय, सासूबाईंचा नव्हे.

या साऱ्यासाठी पहिल्या वेळचे डिस्चार्ज कार्ड हवे. छेद कसा होता आणि कारण काय, हे त्यावर नसेल तर त्या रुग्णालयातून लिहून घ्यावे. पहिले बाळंतपण माहेरी आणि दुसरे सासरी, अशी आपल्याकडील रीत. त्यामुळे ते कार्ड बहुधा माहेरच्या कपाटात, पहिल्या बाळाच्या झबल्याटोपड्यांखाली असते. सातवा महिना लागण्यापूर्वी ते मागवून घ्यावे.