बाप्पाच्या पायाशी बसलेला उंदीर आपल्याला का हसतो?

हेडफोन घरी विसरलात, ट्रेनमध्ये नेटवर्क गेलं, किंवा शेजारी आई बसलीय म्हणून ऐकता येत नाही, तर हा एपिसोड इथे वाचा. जसं बोललो तसंच ठेवलंय. फक्त माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' कमी केलेत.

आजचा विषय आहे चित्रांचा. प्राणी माणसासारखे वागतात आणि हसं मात्र माणसाचं होतं, अशी चित्रं. मीटिंगमध्ये माना डोलावणारे नंदीबैल, आरशासमोर फिल्टर शोधणारी मांजर. तुमच्या फोनमध्ये आत्ता या क्षणाला असं एक तरी चित्र असणार, पैज लावतो.

सुरुवात एका कबुलीने करतो. दोन वर्षांपूर्वी मी कॉलेजच्या ग्रुपवर असंच एक चित्र टाकलं. टाय लावलेलं गाढव, समोर लॅपटॉप, आणि गाढव गाढ झोपलेलं. चित्र मस्तच होतं. पण मी खाली एका मित्राचं नाव टाईप केलं. धडाधड हसणारे इमोजी आले. त्यानेही एक टाकला. आणि दुसऱ्या दिवशी ग्रुप सोडला. त्याच आठवड्यात त्याची नोकरी गेली होती, हे मला नंतर कळलं. फोन केला, त्याने उचलला नाही. मग मीही करायचं टाळलं. लाज वाटली की आपण असेच टाळतो.

तो मित्र हमरापूरचा. पेण तालुक्यातलं हमरापूर. पनवेल–रोहा मार्गावर जिते गेलं की हमरापूर आणि मग पेण. गणपतीच्या मूर्तींसाठी पेणचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्यातल्या कितीतरी मूर्ती हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांमध्ये घडतात. इथे घराच्या पडवीत, अंगणातल्या शेडमध्ये, जागा मिळेल तिथे कारखाना असतो. कारखाना म्हणजे चिमणी-भोंगावाला नव्हे, गणपतीचा.

या वर्षी आषाढात मी शेवटी तिथे गेलो. बाहेर धो धो पाऊस, आत पांढऱ्याशुभ्र कच्च्या मूर्तींच्या रांगा. कुणी पॉलिश पेपरने मूर्ती घासतंय, कुणी स्प्रेने अंगाचा रंग मारतंय. डोळ्यांची आखणी मात्र सगळ्यात तयार हाताकडे. आणि माझा मित्र एका कोपऱ्यात उंदीर रंगवत बसलेला. समोर पाटावर पन्नासेक उंदीर, सगळ्यांच्या हातात मोदक.

काय बोलावं सुचेना. म्हणून मी विचारलं, "सगळ्यांचे चेहरे वेगळे का रे?"

तो म्हणाला, "बाप्पाच्या डोळ्यांत इकडचं तिकडे चालत नाही. गिऱ्हाईक लगेच ओळखतं. उंदराला मात्र सूट आहे. हा बघ, मोदक लपवतोय. हा वर बघतोय, पण लक्ष मोदकावर. आपल्यासारखेच."

मंडळी, आजच्या एपिसोडचं सार या एका वाक्यात आहे. गंभीर गोष्टीच्या शेजारी एका छोट्या प्राण्याला सूट असते, आणि त्या सुटीत माणसाचं खरं दिसतं.

ही युक्ती किती जुनी आहे?

खूप. इजिप्तमध्ये तीन हजार वर्षांपूर्वीची चित्रं सापडलीत. त्यात मांजर उंदराची चाकरी करतंय. एका पपायरसवर सिंह आणि हरीण समोरासमोर बसून पटावरचा खेळ खेळतायत. मालक-नोकर, शिकारी-शिकार, सगळं उलटंपालटं.

जपानमध्ये क्योटोच्या कोझानजी मंदिराची 'चोजू-गिगा' नावाची चित्रांची लांबलचक गुंडाळी आहे. बाराव्या-तेराव्या शतकातली. त्यात बेडूक कुस्तीत सशाला लोळवतो. एक माकड भिक्षूची वस्त्रं घालून पूजा करतंय, आणि समोर बुद्धाच्या जागी बसलाय बेडूक! ही गुंडाळी मंदिराने जपली, हे लक्षात घ्या.

आपल्याकडे चला. तमिळनाडूत महाबलीपुरमला सातव्या शतकातलं प्रचंड मोठं शिल्प आहे. एक तपस्वी एका पायावर उभा, हात वर. आणि खाली, अगदी त्याच पोजमध्ये, मागच्या पायांवर उभं एक मांजर! आजूबाजूला उंदीर. ढोंगी तपश्चर्या म्हणजे काय, ते एका मांजरात सांगून टाकलंय. एकोणिसाव्या शतकात कोलकात्याला काली मंदिराच्या परिसरात कालीघाट चित्रं विकली जायची. त्यातही एक मांजर आहे. कपाळावर वैष्णवाचा टिळा आणि तोंडात मासा नाहीतर कोळंबी. यात्रेकरू हसत हसत अशी चित्रं घरी न्यायचे.

अमेरिकेत 1903 पासून कॅशियस कूलिज या चित्रकाराने कॅलेंडर छापणाऱ्या एका कंपनीसाठी पत्ते खेळणारे कुत्रे रंगवले. त्यातल्या सर्वात प्रसिद्ध चित्रात एक बुलडॉग टेबलाखालून पायाने जोडीदाराला एक्का सरकवतोय. समीक्षकांनी नाकं मुरडली, लोकांनी भिंतीवर लावली. 2005 साली त्या मालिकेतली दोन चित्रं मिळून पाच लाख नव्वद हजार डॉलरना विकली गेली.

आणि मराठीत? आपली भाषाच अशा चित्रांचं गोदाम आहे. मांजर डोळे मिटून दूध पितं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत. गाढवापुढे वाचली गीता. माकडाच्या हाती कोलीत. प्रत्येक म्हण म्हणजे एक तयार चित्र, फक्त ब्रश उचलायचा.

मग हसू येतं कशामुळे?

मला तीन गोष्टी दिसतात.

एक, अंतर. 'तू ढोंगी आहेस' असं तोंडावर म्हटलं की भांडण होतं. मांजर दाखवलं की समोरचा आधी हसतो आणि हसता हसता स्वतःला ओळखतो. तोवर उशीर झालेला असतो.

दोन, शरीर प्राण्याचं आणि सवय एकच माणसाची. नीट बघा, चांगल्या चित्रात प्राणी पूर्ण माणूस होत नाही. बुलडॉग बुलडॉगच राहतो, फक्त पत्ता सरकवतो. सगळंच माणसासारखं केलं तर मुखवटा घातलेला माणूस दिसतो आणि गंमत जाते.

तीन, शांतता. खाली ओळ लागत नाही. शि. द. फडणीस यांची चित्रं आठवा. बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे, 1925 चा जन्म. एका मासिकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी एक तरुण आणि एक तरुणी शेजारी शेजारी उभे केले. तिच्या साडीवर मांजरं, त्याच्या शर्टावर उंदीर. झालं. शब्द एकही नाही, आणि पुढची सगळी गोष्ट आपल्याला कळते.

आणि हसू टोचतं कधी?

महाबलीपुरमच्या त्या मांजराची गोष्ट महाभारतात आहे, उद्योगपर्वात. गंगेकाठी हात वर करून उभं राहिलेलं मांजर, त्याच्यावर विश्वास ठेवणारे उंदीर, आणि रोज कमी होणारी उंदरांची संख्या. पण ही गोष्ट तिथे कोण सांगतं? दुर्योधन. उलूकाच्या हाती निरोप पाठवून तो युधिष्ठिराला म्हणतो, ते मांजर म्हणजे तू. गोष्ट तीच, मांजर तेच. दुर्योधनाने त्यावर नाव चिकटवलं आणि ती शिवी झाली. शिल्पकाराने नाव कोरलं नाही, म्हणून आज आपण सगळे त्या मांजरासमोर उभे राहून थोडे थोडे चपापतो.

गणपतीची गोष्टही आठवा. उंदरावरून बाप्पा पडले, चंद्र हसला, आणि शाप घेऊन बसला. पडलेल्याला हसलं की असं होतं. आजही गणेश चतुर्थीला आपण चंद्राकडे बघत नाही.

माझ्या गाढवाचं काय झालं होतं, ते मला हमरापूरच्या त्या शेडमध्ये कळलं. चित्र वाईट नव्हतंच. मी फक्त दुर्योधनासारखं नाव चिकटवलं होतं, तेही पडलेल्या माणसाचं.

काकूंनी चहा आणला. मी कसंबसं 'सॉरी' म्हणालो. मित्र काही बोलला नाही. उठला आणि फळीवरून एक पुठ्ठा घेऊन आला. काम नसतं तेव्हा तो पुठ्ठ्यांवर चित्रं काढतो. चित्रात आरती चाललीय. समोर बाप्पा, आणि सगळे भक्त उंदीर. प्रत्येकाचा हात वर, प्रत्येक हातात मोबाईल. बाप्पाकडे बघणारं एकच पिल्लू, बाकीचे स्क्रीनकडे. एक उंदीर तर बाप्पाकडे चक्क पाठ करून उभा. कानाला हेडफोन, तोंडासमोर हे एवढा मोठा माईक, डोळे मिटून बोलतोय.

मी खो खो हसलो. मग थांबलो.

"हा मी आहे का?"

"नाव लिहिलंय का कुठे?" तो म्हणाला. "लिहिलं असतं तर हसला असतास?"

मग त्याने माझ्या हातात एक उंदीर दिला आणि म्हणाला, आलायस तर शेपटी रंगव. रंग थोडा ओघळला. तो म्हणाला, राहू दे, खपेल.

तर मंडळी, पुढच्या वेळी असं चित्र फॉरवर्ड करण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. यात मी कुठे आहे? हसतोय ते सवयीला की माणसाला? आणि तो माणूस आत्ता उभा आहे की पडलेला? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सापडलं तर खुशाल पाठवा.

आणि यंदा घरी मूर्ती आली की बाप्पाच्या आधी एक मिनिट खाली, उंदराच्या चेहऱ्याकडे बघा. शेपटीचा रंग ओघळलेला दिसला, तर तो माझा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. ऐकत राहा, वाचत राहा!