रूळ गेले, वाट राहिली

फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात जिव्री आणि क्लूनी या गावांच्या दरम्यान पूर्वी आगगाडी धावत असे. ती बंद पडली आणि लोहमार्ग ओस झाला. पुढे रूळ काढून तेथे गुळगुळीत वाट बांधण्यात आली व १९९७ साली ती सायकलस्वारांस खुली झाली. मोटारींस तेथे मज्जाव असल्यामुळे मुलेही द्राक्षमळ्यांजवळून निर्धास्तपणे जातात. आगगाडीला उभा चढ चढवत नाही. म्हणून ही वाट मुळातच सौम्य चढाची आहे आणि वृद्धांनाही ती झेपते. क्लूनीच्या दक्षिणेस दीड किलोमीटरहून लांब असा रेल्वेचा जुना बोगदा लागतो. हिवाळ्यात तेथे वटवाघळे निद्रिस्त असतात. म्हणून तेवढे महिने तो बंद ठेवितात. माणसाने टाकलेला मार्ग असा अनेक जीवांच्या उपयोगी पडला आहे.